हलके करणे

जळगावच्या धान्यबाजारात हमाल पाठीवर पोती वाहत असतात. भरलेल्या पोत्याखाली एखाद्याचे पाय लटपटू लागले की शेजारचा सोबती पुढे होतो आणि पोत्याला हात देतो. पोते अजून पाठीवरच असते. त्यातला एक दाणाही कमी झालेला नसतो. तरीही वाहणाऱ्याला ते पूर्वीइतके जड वाटत नाही. पुढे थप्पीपाशी गेल्यावर तो ते खाली टाकतो, तेव्हा मात्र ओझे खरोखर उतरते. ओझे हलके होणे निराळे आणि ओझे उतरणे निराळे. इंग्रजी भाषेत 'ॲलिव्हिएट' असे एक क्रियापद आहे. ते यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी योजतात.

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी कोशात या शब्दाचा अर्थ पाहतो. 'कमी करणे, शमविणे, सुसह्य करणे' असे अर्थ त्याला मिळतात आणि तो लगेच वाक्य करतो : 'डॉक्टरांनी रोग्याला ॲलिव्हिएट केले.' येथे तो फसतो. या क्रियापदाचे कर्म माणूस नसते, माणसाची पीडा असते. वेदना, दारिद्र्य, टंचाई, गर्दी यांना ते लावता येते. रोग्याला लावता येत नाही. शिवाय पीडा समूळ गेली असेल, तर तेथेही हा शब्द चालत नाही. औषधाने डोकेदुखी हलकी झाली पण राहिली, अशा वेळी तो शोभतो.

हा अर्थ शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन भाषेत 'लेविस' म्हणजे हलका. त्यावरून 'ॲलिव्हिएट' झाला. ज्या लॅटिन धातूपासून जड वस्तू उचलण्याच्या तरफेचे 'लिव्हर' हे इंग्रजी नाव आले, तोही याच कुळातला. आता गंमत पाहा. लॅटिनमधील 'लेविस' आणि संस्कृतमधील 'लघु' हे शब्द एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. 'लघुक' याचे प्राकृतात 'लहुअ' झाले. मग 'नुकसान'चे बोलण्यात 'नुसकान' होते, तशी ल आणि ह या वर्णांची अदलाबदल झाली आणि पुढे आपला 'हलका' तयार झाला. म्हणजे जळगावचा हमाल 'ओझे हलके झाले' म्हणतो, तेव्हा तो त्या परदेशी शब्दाच्या दूरच्या भावंडालाच हाक मारीत असतो.

क्रियापदांच्या अशा मुळांचा शोध घेण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा देह १९२६ साली धुळ्यातच पडला. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी सिद्ध केलेला मराठी धातुकोश १९३७ साली या मंडळाने प्रसिद्ध केला.

मराठीची श्रीमंती अशी की, प्रत्येक पीडेला तिने निराळे क्रियापद दिले आहे. ताप उतरतो, सूज ओसरते, तहान भागते, ठणका थांबतो, आग शमते, राग निवळतो, डोळे निवतात, कर्ज फिटते. यांची अदलाबदल करून पाहावी. 'कर्ज ओसरले' किंवा 'तहान फिटली' असे म्हटले, तर धुळ्याच्या बाजारातील भाजीवालीसुद्धा हसेल. तिला व्याकरण कोणी शिकविलेले नसते. शब्दांचे नाते तिच्या कानाला ठाऊक असते. इंग्रजी बोलणाऱ्यांचा कानही असाच जागा असतो. पाय दुखणाऱ्या मुलाशी बोलताना आई 'ॲलिव्हिएट' म्हणत नाही, ती 'ईज' हा साधा शब्द वापरते. 'ॲलिव्हिएट' हा अहवालांत, वृत्तपत्रांत आणि वैद्यकाच्या ग्रंथांत वावरणारा शब्द आहे. 'रिलीव्ह' हा तिसरा शब्द मात्र पीडेलाही चालतो आणि माणसालाही. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. तेथे गाडीवरचे कर्मचारी बदलतात, तेव्हा कामावरून सुटलेला माणूस 'मी रिलीव्ह झालो' असे सहज म्हणतो. त्याच्या मराठीत हा शब्द आता पाहुणा राहिलेला नाही.

सगळीच ओझी कोणी उतरवून घेत नाही. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना ऐन तिशीत वैधव्य आले. शेत, घर आणि मुले यांचा भार त्यांच्यावर पडला. अक्षरओळख नसलेली ही स्त्री घरातली आणि शेतातली कामे करताना गाणी रची आणि गाई. मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनी त्यांतील काही लिहून ठेवली, म्हणून ती वाचली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. जात्यावर गाणाऱ्या बायकांना गाण्याने दळण कमी होत नाही हे पुरते माहीत असे. जात्याची पाळी तेवढीच जड, पायलीचे पीठ पायलीएवढेच. श्रम मात्र हलके होत. 'ॲलिव्हिएट' या शब्दाला याहून चपखल उदाहरण कोशातही क्वचितच मिळेल.

सरकारी कागदांत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. इंग्रजीत ज्याला 'फॅमिन रिलीफ' म्हणतात, त्याला मराठीत 'दुष्काळ निवारण' असा शब्द रूढ झाला. 'रिलीफ' म्हणजे भार हलका करणे. 'निवारण' म्हणजे संकट दूर सारणे. मराठी शब्दाने जरा अधिकच वचन देऊन टाकले. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. पाऊस पाडणे कोणाच्याच हाती नव्हते. सरकारने रस्ते, पाझर तलाव आणि नालाबांध यांची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. अंगावर फाटके लुगडे आणि हातात हातोडा, अशा बायका भर उन्हात खडी फोडीत. मागेल त्याला काम देण्याच्या या पद्धतीला पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचा आधार मिळाला. आठवड्याची मजुरी पदरात बांधून बाजाराची वाट धरणाऱ्या बाईचा दुष्काळ संपलेला नसे. त्या रात्री तिच्या घरी चूल मात्र पेटत असे.