पावसाच्या माहेरी झेपावलेली विमाने

मोसमी पावसाच्या नोंदी जमिनीवरच्या वेधशाळा वर्षानुवर्षे ठेवत आल्या. पण हा पाऊस ज्या समुद्रावरून बाष्प भरून घेतो, तिथल्या हवेची माहिती म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवरची तुटपुंजी निरीक्षणे. ही कोंडी १९६३ साली मुंबईत फुटली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी कुलाब्याला हवामान केंद्र उभे राहिले आणि अमेरिकी संशोधन विमाने मुंबईहून भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर उडू लागली.

पहिल्याच हंगामात घबाड हाती लागले. जुलैमध्ये ईशान्य अरबी समुद्रावर एक चक्रवात आढळला. समुद्रसपाटीच्या नकाशावर त्याची खूण जेमतेम. खरा जोर तीन ते सहा किलोमीटर उंचीवर. हवामानशास्त्रज्ञ मिलर आणि केशवमूर्ती यांनी विमानांच्या नोंदींवरून त्याची सविस्तर रचना मांडली. उत्तर कोकण आणि गुजरातला झोडपणारा पाऊस कधी कधी असा मधल्या थरातून येतो, हे त्यातून उलगडले.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केरळातल्या थुंबा इथून पहिले अग्निबाण उड्डाण झाले. विमाने पोचू शकत नाहीत त्या उंचीची हवा तपासण्याची वाट खुली झाली.

१९७९च्या ‘मोनेक्स’ या मोसमी पावसाच्या अभ्यास मोहिमेत विमाने पुन्हा मुंबईत आली. या वेळी ड्रॉपसाँड हे मोठे हत्यार होते. विमानातून नळकांडे खाली सोडायचे, त्याची छोटी हवाई छत्री उघडते आणि ते समुद्राला टेकेपर्यंत दाब, तापमान, आर्द्रता, वारा यांची माहिती रेडिओवरून वर धाडत राहते. नळकांडे बुडते, नोंद उरते. मोसमी पावसाच्या आगमनाबरोबर अरबी समुद्रावर तयार झालेला भोवरा त्या जूनमध्ये असा थराथराने मोजला गेला.

मग सूत्रे पुण्याकडे आली. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ साली ‘कायपिक्स’ हा ढगांच्या अभ्यासाचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात कृत्रिम पावसाचे प्रयोग आधीही झाले होते, पण पडलेला पाऊस फवारणीमुळे की आपसूक, हा वाद मिटत नव्हता. २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेत त्याचा छडा लावायचा प्रयत्न झाला. विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या पेटवून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले गेले. फवारणी कोणत्या ढगात करायची आणि कोणता तसाच सोडायचा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरत होते. एकूण २७६ ढग तपासले गेले. वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. मुळात ढगच नसतील तर मात्र फवारणीचा काडीचाही उपयोग नाही.

मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह २०११ साली श्रीहरिकोट्याहून झेपावला आणि उष्ण कटिबंधातले पाणी-ऊर्जेचे चक्र वरून दिसू लागले. तरी ढगातला थेंब किती मोठा, त्याच्या गाभ्यात कोणता कण, हे मोजायला विमानालाच ढगात शिरावे लागते. ‘कायपिक्स’साठी विमाने भाड्याने आणावी लागली. ज्या देशाची शेती पावसावर उभी आहे, त्याच्याकडे बाराही महिने सज्ज असे स्वतःचे संशोधन विमान हवे. हा खर्च चैनीचा नाही; सरकारने तो प्राधान्याने करावा.