तीन तासांचं यंत्र

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे आणि कौलं उडाली आणि विजेचे खांब रांगेनं लोळले. वादळ एका दिवसात निघून गेलं. लाइट मात्र रायगडात आणि पलीकडे मंडणगड-दापोलीत अनेक वाड्यांवर कित्येक आठवडे आली नाही. विहिरीत पाणी होतं, पण रहाट केव्हाच काढून टाकलेले आणि पंप मुका. मोबाइल निपचित पडलेले, म्हणून मुंबईतल्या मुलांना गावच्या आईवडिलांची खबर लागेना.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं, जुलैत चिपळूण पाण्यात बुडालं. तेव्हापासून कोकणातल्या घराघरांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो, 'एक जनरेटर घेऊन ठेवूया का?' घाटावर, पूर येणाऱ्या सांगली-कोल्हापूरकडच्या घरांतही तो निघतो. त्याचं उत्तर आज बहुतेक वेळा एका छोट्या, सुटकेसच्या आकाराच्या यंत्रापाशी येऊन थांबतं. ते यंत्र म्हणजे पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटर.

नाव एक, वस्तू दोन

आधी नावाचा घोळ सोडवू. आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हटलं की जिन्याखाली ठेवलेली बॅटरी आणि तिच्यावरचा डबा डोळ्यांसमोर येतो. तो डबा वीज तयार करत नाही. लाइट असताना बॅटरीत साठवलेली वीज तो लाइट गेल्यावर परत देतो. चार-सहा तासांसाठी त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. पण लाइट दुसऱ्या दिवशीही आली नाही, तर तो रिकामा डबाच.

इन्व्हर्टर जनरेटर पेट्रोल जाळून वीज तयार करतो. टाकीत पेट्रोल आहे तोवर तो चालतो. नावातला 'इन्व्हर्टर' हा त्याच्या पोटातला एक भाग आहे, आणि जुन्या जनरेटरपासून त्याला वेगळं करतो तो हाच भाग.

जुना जनरेटर आपल्या ओळखीचा आहे. ऐंशीच्या दशकात होंडा श्रीराम समूहाबरोबर आणि यामाहा बिर्ला समूहाबरोबर भारतात आली, आणि दोरी ओढून सुरू होणारी छोटी यंत्रं बाजारपेठेत पोचली. त्यांतली काही पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायची असत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तालुक्याच्या गावी संध्याकाळ झाली की दुकानांपुढे ती एकदम धडधडू लागत, आणि समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे.

पोटात काय आहे

हा आवाज कशामुळे होतो ते कळलं की नव्या यंत्राचं मर्म कळतं. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारी. जुन्या छोट्या जनरेटरमध्ये हे हेलकावे थेट इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेले असतात. पन्नास हेलकाव्यांसाठी इंजिनानं मिनिटाला ३,००० फेरे घ्यायलाच हवेत. एक दिवा लावा नाहीतर दहा, इंजिन त्याच वेगानं पळणार, तसंच ओरडणार आणि रिकाम्या वेळीही पेट्रोल पिणार. पंपाचा भार पडला की ते क्षणभर दबतं, आणि त्याबरोबर घरातल्या विजेचा ठेकाही चुकतो. टीव्ही, लॅपटॉपचा चार्जर आणि जिन्याखालचा तो बॅटरीवाला इन्व्हर्टर यांना अशी वीज सोसत नाही. कित्येकदा घरचा इन्व्हर्टर ती घ्यायलाच नकार देतो.

नव्या यंत्रात इंजिन आणि वीज यांची ही गाठ सोडवलेली आहे. इंजिनाला जोडलेला, पुष्कळ चुंबकांचा अल्टरनेटर येईल तशी, वेगवान आणि ओबडधोबड वीज काढतो. तिचं आधी डीसी करतात. धान्य कसंही असो, गिरणीतून पीठ एकसारखं पडावं, तसं. मग इलेक्ट्रॉनिक स्विच त्या पिठाची हवी तशी पोळी लाटतात, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, गुळगुळीत लहर. आता इंजिनाचा वेग कितीही असला तरी बाहेर येणारी वीज तीच. त्यामुळे भार कमी असला की इंजिन हळू चालतं, भार वाढला की वेग घेतं. पेट्रोल वाचतं, आवाज उतरतो. चांगल्या यंत्राच्या विजेच्या लहरीतला बिघाड ३ टक्क्यांच्या आत राहतो, आणि इतकी स्वच्छ वीज नाजूक उपकरणांना चालते.

याच इलेक्ट्रॉनिक्समुळे आणखी एक सोय झाली आहे. एकाच जातीची दोन यंत्रं खास केबलनं जोडली की दोन्ही एका ठेक्यात चालतात आणि ताकद दुप्पट होते. आज एक घ्यावं, गरज पटली तर दुसरं.

तीन मापं

बाजारात मापं अनेक आहेत, पण घराच्या दृष्टीनं तीनच पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. होंडाची मालिका सर्वांत रुळलेली आहे, म्हणून आकडे तिचे घेतो.

पहिली पायरी २२०० वॅटची. यंत्र सुमारे २१ किलोचं, एका हातानं उचलता येणारं. सतत १८०० वॅट देतं, २२०० चा आकडा काही क्षणांपुरता असतो. टाकी ३.६ लिटरची. पूर्ण भारावर सव्वातीन तास, पाव भारावर आठ तास चालतं. यामाहाचं २००० वॅटचं यंत्र याच जातीचं आहे. ते सतत १६०० वॅट देतं, इंजिन लहान असल्यानं कमी भारावर थोडं जास्त वेळ पुरतं, पण जोर तेवढा कमी.

दुसरी पायरी ३००० वॅटची. सतत २८०० वॅट, टाकी १३ लिटर, पूर्ण भारावर सात तास. बटणानं सुरू होतं, पण वजन साठ किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी उचलायचं काम. तिसरी पायरी ७००० वॅटची. सतत ५५०० वॅट, वजन शंभर किलोहून जास्त, चाकांवर ढकलायचं. बंगल्याला किंवा छोट्या दवाखान्याला ते शोभतं.

साध्या जनरेटरपेक्षा ही यंत्रं दुपटी-तिपटीनं महाग पडतात. म्हणून 'मोठंच घेऊन टाकू' म्हणण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी.

पंप हा खरा परीक्षक

एलईडी दिवा ९ वॅट. जुना पंखा ७५, नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. राउटर १०. टीव्ही शंभराच्या आत. फ्रिज चालताना दीडशे-दोनशे. घरी आजारी माणसासाठी पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो तीनशे ते चारशे. एवढी सगळी बेरीज हजाराच्या आसपास येते आणि पहिल्या पायरीचं यंत्र ती सहज पेलतं. गीझर, इस्त्री, इंडक्शन यांना या दिवसांत सुट्टी द्यायची.

अडचण पंपाची आहे. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार-अकराशे वॅट घेतो, पण सुरू होताना एका क्षणासाठी तिप्पट किंवा त्याहून जास्त ओढतो. जुन्या जनरेटरचं जड चाक असा झटका कसाबसा सोसतं. इन्व्हर्टर जनरेटर आपलं इलेक्ट्रॉनिक्स वाचवण्यासाठी तिथेच वीज तोडतो. म्हणून कागदावर १८०० वॅटचं यंत्र अकराशेचा पंप चालवायला पुरेसं दिसतं आणि प्रत्यक्षात बहुधा अडतं. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पहिल्या पायरीवर निघू शकतो. एक अश्वशक्तीसाठी दुसरी पायरी किंवा पहिलीची जोडी गृहीत धरावी, आणि बोअरमध्ये खोल सोडलेला सबमर्सिबल असेल तर तेवढ्यावरही भरवसा ठेवू नये. पैसे मोजण्याआधी विक्रेत्याकडून आपल्याच पंपावर चाचणी करून घ्यावी. आणि शेतीचा तीन फेजचा पंप यांच्यावर मुळीच चालत नाही, कारण ही यंत्रं एक फेजची आहेत.

अमेरिकेतल्या मुलानं तिकडून यंत्र आणायचं ठरवलं, तर त्याला वेळीच थांबवावं. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपल्या पंपाला आणि फ्रिजला ती चालणार नाही.

दिवसाला तीन तास

आता पेट्रोलचा हिशोब. २२०० वॅटचं यंत्र ३.६ लिटरमध्ये पूर्ण भारावर साधारण पावणेसहा युनिट वीज देतं, पाव भारावर साडेतीन. म्हणजे एका लिटरला एक ते दीड युनिट. शंभर-सव्वाशे रुपयांच्या पेट्रोलमागे एवढंच. घर पूर्वीसारखं चोवीस तास उजळत ठेवण्याचं हे यंत्र नव्हे. तसं चालवलं तर ते कुटुंबाला पेट्रोलच्या रांगेत उभं करेल, आणि वादळानंतर त्या रांगा लांब असतात.

माझं ठाम मत असं की घरासाठी हे तीन तासांचं यंत्र आहे. त्याला बॅटरीच्या इन्व्हर्टरचा जोडीदार करावा. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. आधी पंप एकटा चालवून टाकी भरायची, पंप बंद करून मग फ्रिज आणि बॅटरी लावायची. दार न उघडलेला फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर त्याहून जास्त. सामान्य घरगुती इन्व्हर्टर १५ अँपिअरनं बॅटरी भरतो, म्हणजे तीन तासांत ४५ अँपिअर-अवर, सुमारे ५४० वॅट-अवर. एक बीएलडीसी पंखा, दोन दिवे आणि राउटर मिळून ६३ वॅट होतात. आठ तासांच्या रात्रीला ते पाचशेच्या आसपास. पंपाचा वेळ आणि इन्व्हर्टरमधली गळती सोडली तर हिशोब काठोकाठ बसतो, आणि रात्र यंत्राच्या आवाजाशिवाय जाते.

शहरात, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र हे यंत्र घेऊच नये. तिथे मोठी बॅटरी हाच मार्ग. कारण पुढे सांगतो.

दोन मृत्यू टाळण्यासाठी

या यंत्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. अमेरिकेत चक्रीवादळांनंतर असे मृत्यू वारंवार होतात, आणि तिथली सरकारी यंत्रणा सांगते की जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, उघड्यावर ठेवा. आपल्याकडे पाऊस आला की यंत्र पडवीत ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा. पडवी, माळा, गॅलरी, शटर अर्धं ओढलेलं दुकान, यांपैकी कुठेही नाही. फ्लॅटला उघडी जागाच नसते, म्हणून तिथे हे यंत्र नको. मागीलदारी, घरापासून तेवढीच लांब, वारा धूर घरापासून दूर नेईल अशा बाजूला, वर पत्र्याचं छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या, अशी जागा वादळाआधीच करून ठेवावी. आता काही मॉडेलांत हा वायू ओळखून यंत्र बंद करणारा सेन्सर येतो. मिळत असेल तर तो घ्यावा, पण त्याच्या जिवावर यंत्र घरात आणू नये.

दुसरा धोका घराबाहेरच्या माणसाला आहे. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात सोडायची, ही युक्ती सर्रास वापरली जाते. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी खांबावर आणि तिथून डीपीवर जाते. डीपीचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, उलट्या दिशेनं तो आपले २३० व्होल्ट पुन्हा हजारोंवर चढवतो. पलीकडे लाइन बंद आहे म्हणून वायरमन तारेला हात घालत असतो. तो आपल्याच घरी लाइट आणायला खांबावर चढलेला असतो.

यावर उपाय साधा आहे, चेंजओव्हर स्विच. एका वेळी घर एकतर खांबाला किंवा जनरेटरला जोडलेलं, दोन्हीला कधीच नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्यावा आणि जनरेटरच्या अर्थिंगचं त्यालाच विचारावं.

सांभाळ

वर्षातून दहा दिवस लागणारं यंत्र उरलेले दिवस पडून सडतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल ओढतं. महिनोन्महिने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहिलं की बारीक जेट चोंदतात आणि नेमक्या वादळाच्या रात्री दोरी ओढून खांदा दुखतो. म्हणून ठेवताना टाकी रिकामी करावी, इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावं. ऑइल पहिल्या २० तासांनी बदलावं, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. मे महिन्यात, पावसाच्या आधी, यंत्र बाहेर काढून अर्धा तास खऱ्या भारावर चालवावं. घरातल्या निदान दोघांना ते सुरू करता आलं पाहिजे, आणि त्यांतला एक जण कायम गावीच राहणारा हवा.

खरेदीचा क्रमही मी उलटा सांगेन. आधी चेंजओव्हर बसवा, मग मागीलदारची जागा ठरवा, मग पंपाची चाचणी घ्या, आणि यंत्राचे पैसे सर्वांत शेवटी मोजा. पहिली गोष्ट जमत नसेल, तर बाकीच्या तिन्ही करू नका.