ग्रीष्मचर्या : आरंभ घरापासून

चैत्र सरता सरता आपल्या चिकित्सालयांत मूत्रदाह, शिरःशूल, भ्रम, नासागत रक्तपित्त यांचे रुग्ण वाढू लागतात. आपण मधुर, शीत, द्रव आहार सांगतो. उशीर, चंदन, शतावरी योजतो. रुग्ण ज्या खोलीत दिवसरात्र काढतो, तिची चौकशी मात्र सहसा करीत नाही.

आमच्याकडूनही हे घडले. विदर्भातील एका वृद्ध रुग्णास भ्रम व निद्रानाशासाठी तीन आठवडे औषध देऊनही उपशय मिळेना. अखेर घरी जाऊन पाहिले, तर त्यांची खाट टिनाच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून होती. खाट पूर्वेकडील खोलीत हलविली, छतावर चुन्याचा पांढरा हात दिला. आठवडाभरात झोप लागू लागली. औषध तेच होते.

वस्तुतः शास्त्रकारांनी हा विषय वगळलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ग्रीष्मात दिवसा शीतगृहात आणि रात्री चांदण्याने निवलेल्या, वारा खेळत्या गच्चीवर निद्रा सांगितली आहे. अष्टांगहृदयातील ऋतुचर्याध्यायात ऊन रोखणारे उंच वृक्ष, वेली आणि सुगंधी जलाने शिंपलेले पडदे यांचे वर्णन येते.

यासाठी भिंती पाडण्याची आवश्यकता नाही. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा खिडकीबाहेरच चटई वा ताटी लावावी. सकाळी ऊन चढताच दारे-खिडक्या मिटाव्यात आणि सायंकाळी बाहेरची हवा निवल्यावर समोरासमोरच्या उघडाव्यात. जाड गालिचे, मखमली अभ्रे गुंडाळून ठेवावेत. फिकट सुती चादरी आणि सतरंजी काढावी. स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता सोडतो; म्हणून वृद्ध व बालके यांची अंथरुणे शक्यतो खालच्या मजल्यावर असावीत.

येथे देशविचार महत्त्वाचा. वाळ्याची ओली ताटी किंवा कूलर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उत्तम काम करतो, कारण पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते व घाम वाळत नाही. तेथे सावली आणि वाहता वारा हाच उपाय. कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून, घासून, कोरडी करावी. अन्यथा डेंग्यूच्या डासांना आपणच आश्रय देऊ. खोलीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास केवळ पंख्यावर विसंबू नये. तो तापलेली हवाच अंगावर आणतो. आणि अंग तापून रुग्ण बरळू लागल्यास तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी घालून, वारा घालीत त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. घरगुती उपचारांत वेळ दवडू नये.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींनाही हेच लागू आहे. पश्चिमेच्या भिंतीवरील फळ्यांवर आसव-अरिष्टे, घृते, अवलेह व गुग्गुळकल्प ठेवू नयेत. वेष्टनावरील मुदत ही त्यावर सांगितल्याप्रमाणे साठविलेल्या औषधासाठीच असते. आतल्या सावलीच्या भिंतीकडे कपाट हलविण्यास एक दुपार पुरते.

यंदाच्या ग्रीष्मात आपण रुग्णपत्रिकेत आहार-विहाराच्या प्रश्नांखाली आणखी एक प्रश्न लिहावा : झोपता कोठे? त्याच्या उत्तरात कित्येकदा निदान सापडेल, आणि चिकित्साही.