गच्चीचं सनस्क्रीन!

टॉप फ्लोअरचा फ्लॅट! व्ह्यू मस्त, वारा मस्त, डोक्यावर कुणाची आदळआपट नाही. ब्रोकर एवढंच सांगतो. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही स्लॅब तापलेला असतो आणि जुलैमध्ये बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येते, हे राहायला गेल्यावर कळतं. पुण्यात अशा फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं काढलीत. त्यामुळे गच्चीवर काय अंथरलंय, हे मी आता आधी बघते.

गळती थांबवायची तर डांबरी शीट टाका, हा ठरलेला फंडा. शीट पाणी अडवते, वादच नाही. पण तिचा खरा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. अतिनील किरण आणि उष्णता यांच्यामुळे डांबर हळूहळू ऑक्सिडाइज होतं, त्यातला मऊपणा जातो. त्यात रंग काळा! मे महिन्यातल्या दुपारी ही शीट ६५-७० अंशांपर्यंत सहज तापते, पहाटे गार होते. रोजचं हे फुगणं-आकसणं कडक झालेल्या डांबराला झेपत नाही. तडे जातात.

उपाय एकदम साधा : वर दगड पसरा. दगडातून अतिनील किरण आरपार जात नाहीत. शिवाय तो सावकाश तापतो, सावकाश निवतो, म्हणजे शीटला तापमानाचे झटके कमी बसतात. युरोप-अमेरिकेत सपाट छपरांवर गोट्यांचा थर ही जुनीच पद्धत. बाजारातल्या मिनरल फिनिश शीटवर दगडाची बारीक कच चिकटवलेली असते, तीही याचसाठी. शोभेसाठी नाही बरं का!

मग मागवायचा खडीचा ट्रक? थांबा! पुण्याची खडी म्हणजे फोडलेला काळा बसाल्ट. त्याची धार शीटला भोसकणार आणि काळा रंग ऊन पिणार. हवेत गुळगुळीत, फिकट गोटे आणि त्यांच्याखाली जिओटेक्स्टाइल. पाच सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला साधारण ८० किलो भरतो, म्हणजे हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर सात टनांहून जास्त! स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाहीच. पुन्हा, गळती शोधायची तर गोटे उपसा. आणि पापड वाळत घालायचे, थर्टीफर्स्टची पार्टी करायची, ते विसराच.

माझं मत विचाराल तर जुन्या बिल्डिंगमध्ये कच लावलेली शीट बरी. घरही थोडं गार हवं असेल, तर पांढरा चायना मोझॅक. तो ऊन परत पाठवतो. त्याचंही वजन मात्र इंजिनिअरला दाखवून घ्या. कोटेशन कितीही स्वस्त असो, काळी उघडी शीट नको. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा : शीटच्या वर काय येणार?