पहिलं पाणी

मिस्सा संपत आली, फादरांनी चषक पुसला आणि माझं लक्ष त्या रुमालाच्या घडीवर गेलं. इतकी कडक इस्त्री आमच्या लॉन्ड्रीवाल्यालाही जमत नाही. कोण करतं, असं विचारलं तर सॅक्रिस्टीतला, म्हणजे चर्चच्या तयारीच्या खोलीतला, मुलगा "मावशी" एवढंच म्हणाला. एखाद्या खात्याचं नाव सांगावं तसं.

वसईतल्या त्यांच्या घरी गेले तेव्हा मागच्या पडवीत चर्चचं धुणं निघालं होतं. "आठवड्याला चाळीस रुमाल," मावशी म्हणाल्या. सणाला वाढतात, एरवी चाळीस.

चषक पुसायचे रुमाल आणि वेदीवर अंथरायचं कॉर्पोरल आधी वेगळ्या घमेल्यात, नुसत्या पाण्यात, हाताने खळबळायचं. साबण नाही, घाई नाही. द्राक्षारसाचा आंबूस वास ओल्या सुतातून वर येतो. पुढे कितीतरी वेळ तो माझ्या नाकातून गेला नाही. कापडात ख्रिस्तप्रसादाचा कण राहिला असेल, म्हणून हे पाणी मोरीत जात नाही. मावशी उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या, मग कुंपणाजवळ, जिथे कोणाचा पाय पडत नाही, अशा जास्वंदीच्या मुळाशी त्यांनी ते ओतलं.

नंतर साबण, नीळ, खळ, ऊन. इस्त्री मात्र कापड ओलसर असतानाच आणि उलट्या बाजूने, म्हणजे भरतकामातला लाल क्रूस चेपत नाही. कॉर्पोरलची घडी आतल्या बाजूला, नऊ चौकोनांची. "उलटी घातली तर कण खाली पडतील," त्या म्हणाल्या.

1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत हे पहिलं धुणं उच्च दीक्षा घेतलेल्यांनीच करावं, असं कलम होतं. ते धुणं होण्याआधी सिस्टरांच्याही हाती ही कापडं धुवायला द्यायची नव्हती. 1983 च्या संहितेत ते कलम उरलं नाही. 2004 च्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात पहिलं पाणी मातीत सोडण्याची रीत वाखाणली आहे. धुणारे हात कोणाचे, ते मात्र त्यात नाही. मान होता तोवर काम दीक्षितांचं. आता ते मावशींचं 'सेवाकार्य'. हा नुसता योगायोग आहे, असं मला वाटत नाही.

अशा कामाचा दाखला म्हणून प्रवचनांत ब्रदर लॉरेन्स हमखास येतो. 17 व्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठाच्या स्वयंपाकघरात तो राबला, 1691 मध्ये वारला. पण त्याचं बोलणं टिपून घेणारा कोणीतरी भेटला. चाळीस रुमाल कोण टिपणार?

जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, हे लूकच्या शुभवर्तमानातलं सूत्र मी काढलं. मावशी हसल्या. "पुष्कळ कधी कोणी दिलंच नाही मला. मग कळणार कसं?"

"सुनेला शिकवलंत का?"

"ती बँकेत जाते. फादर म्हणतात, मावशी, मशीन घेऊ." त्यांनी रुमाल पालथा केला, क्रूसावरून इस्त्री फिरवली. "म्हटलं घ्या. फक्त त्याचं पहिलं पाणी कुठे जातं, तेवढं विचारून या दुकानात."