लॉगबुक भरलं, डॉक्टर तयार झाला?

कपाशीवर फवारणी सुरू झाली की पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात कसला रुग्ण येऊ शकतो, हे 2017 नंतर कुणाला सांगावं लागत नाही. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात पोचले, 20हून अधिक दगावले. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून साठ-सत्तर किलोमीटरवर. त्यामुळे सारी भिस्त पहिल्या तासावर, आणि तो तास हाताळणाऱ्या डॉक्टरवर.

याच तासाचं शास्त्र म्हणजे इमर्जन्सी मेडिसिन. भारतात त्याला स्वतंत्र विषय म्हणून 2009 मध्ये मान्यता मिळाली. त्यात एमडी करणारा निवासी डॉक्टर तयार झाला की नाही, हे कसं ठरतं?

तीन वर्षं काढली, परीक्षा पास झाली, की झालं, असा सर्वसाधारण समज. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते सांगता येणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. लेखी परीक्षा दुसऱ्या पायरीपर्यंत पोचते. रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये मांडलेली ‘ओस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा तिसरीपर्यंत. चौथी पायरी दिसते ती फक्त रुग्णाच्या खाटेपाशी.

समजा, तोंडाला फेस आलेला, घामाने थबथबलेला माणूस आला. वरिष्ठ डॉक्टर बाजूला उभे राहून काय बघतात? निवासी डॉक्टरने आधी स्वतः हातमोजे घातले का, रुग्णाचे माखलेले कपडे उतरवले का, श्वासाकडे लक्ष दिलं का. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा असेल तर अ‍ॅट्रोपिन लागतं. परिणाम होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट. खरी मेख पुढेच आहे: थांबायचं कधी? डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून नव्हे. छातीतली घरघर गेली, नाडी आणि रक्तदाब सावरले, की. पेपरात हे लिहिणारे पुष्कळ; गलबल्यात स्टेथोस्कोप पुन्हापुन्हा छातीवर ठेवणारा वेगळा.

केलेल्या कामांच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगबुकात, श्वासनळीत पन्नास नळ्या घातल्याची नोंद असली म्हणजे हात बसला, हाही असाच समज. आकडा अनुभव सांगतो, कौशल्य नाही. ओले टेन केट यांनी 2005 मध्ये प्रश्नच बदलला: हे काम या डॉक्टरवर कितपत सोपवता येईल? वरिष्ठ शेजारी हवेत, हाकेच्या अंतरावर चालतील, की नसले तरी निभेल? एकच डॉक्टर सर्पदंशात एकटा पुरेसा आणि अपघाताच्या रुग्णात अजून कच्चा असू शकतो. त्यात कमीपणा काही नाही.

आणि रुग्णालयात असा निवासी डॉक्टर दिसला, तर ‘शिकाऊ’ म्हणून धास्तावण्याचं कारण नाही. तो एमबीबीएस झालेला, नोंदणीकृत डॉक्टर असतो. 2021च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावंच लागतं. त्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही.

असा डॉक्टर भेटला तर तो विचारेल, फवारलं काय होतं? रुग्णाला आणताना औषधाचा डबा, निदान त्यावरचं लेबल, सोबत घेऊन या.