माऊस पॅड घेताना: आधी जागा, मग मऊपणा

मागच्या वेळी आपण खुर्चीबद्दल बोललो. आज माऊस पॅड. हसू नका, विषय श्रोत्यांनीच दिलाय: "रात्री गेम खेळून उठलो की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. जेलचा पॅड घेऊ का?"

आम्ही म्हणू, थांबा. मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी मीडियन नर्व्ह नेमकी याच बोटांना संवेदना देते. जेलच्या उंचवट्यावर मनगट दाबून बसलं की भार तिथेच येतो. शिवाय हात एका जागी अडकतो आणि सगळी हालचाल मनगटालाच करावी लागते. बधिरपणामुळे रात्री झोपमोड होत असेल, तर पॅड राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

आता जागा मोजू. व्हॅलोरंट घ्या. माऊस ८०० डीपीआयवर, गेममधली सेन्सिटिव्हिटी ०.४. एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस साधारण ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो, नुसतं मागे वळायला २० च्या वर. बावीस सेंटिमीटरच्या छोट्या पॅडवर मधून सुरुवात केली, तर अकरातच पॅड संपतो! सेन्सिटिव्हिटी वाढवली की छोटा पॅड पुरतो, पण मग नेम धरायचा तो मनगटानेच. म्हणून आम्ही ४५ बाय ४० च्या आसपासचा, साध्या कापडाचा, सपाट पॅड सुचवतो. हात कोपरापासून फिरू द्या.

हो, पण नेरूळ-वाशीच्या सिडकोच्या वन-रूम-किचनमध्ये एवढं टेबल आणायचं कुठून? ६० सेंटिमीटरच्या टेबलावर पूर्ण कीबोर्डच ४४ खातो. कीबोर्ड तिरका ठेवा, किंवा उजवीकडचे आकडे नसलेला घ्या. सात-आठ सेंटिमीटर तिथेच सुटतात.

कडेची शिलाई बोटाने चाचपून पाहा. जाड, खरखरीत असेल तर हाताला घासत राहते.

आणि आपला पाऊस. जुलैत कापडी पॅड हवेतली ओल धरतो, माऊस जड चालतो. कडक प्लॅस्टिकचा पॅड ओल धरत नाही, पण घामाने हात चिकटतो. फुल बाह्यांचा शर्ट घालून खेळणारेही आम्ही पाहिलेत. कापडी पॅड कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवा, पिळू नका. धुवायचा तो पावसाळ्याआधीच. नंतर पंख्याखालीसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही.